दोन जावा, एक व्हिसा

आमच्या दारात गिऱ्हाईक येतं ते फार तर पुण्याचं नाहीतर हैदराबादचं. कडक भाकरीचा गठ्ठा न्यायचा, महिनाभर पुरवून खायचा आणि संपत आला की फोन करायचा, असा सगळ्यांचा रिवाज. जर्मनीची बाई आली ती मात्र भाकरीसाठी आली नव्हती, टॉवेलसाठी आली होती. सोलापुरात आमच्या मागच्या गल्लीत एक टॉवेलचे कारखानदार राहतात. त्यांचा माल बाहेरदेशी जातो. या बाईंची तिकडे स्वयंपाकघरातल्या वस्तूंची दुकानं आहेत. कारखानदारांच्या घरी दुपारी जेवायला बसल्या, तर पानात आमची ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही. बाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, खाल्ला, आणि टॉवेलचं बोलणं तिथंच राहिलं. ही भाकरी कोण करतं, कुठं करतं, गहू घालतात का, एवढंच विचारत राहिल्या. तिकडे म्हणे कितीतरी लोकांना गहू सोसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आमच्या शेडात हजर. आमचा धंदा दोघींचा आहे, मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई. जाऊबाई सांगोल्याकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. थोरले दीर गेल्यावर त्यांनी गावी परत जायचं नाकारलं आणि चुलीपुढं बसून मला म्हणाल्या, "हात रिकामं राहिलं की डोकं खातंय बाई. काय तरी करू." तेव्हापासून त्या थापतात आणि मी भाजते. शेडामागं त्यांच्या शेळ्या बांधलेल्या असतात.

जर्मन बाई फरशीवर मांडी घालून बसल्या. लाकडी काटवटीत पीठ मळलेलं होतं. त्यांना थापून बघायचं होतं. जाऊबाईंनी गोळा दिला. बाईंच्या हाताखाली त्याचा आधी भारताचा नकाशा झाला, मग तोही फाटला. त्या स्वतःच हसू लागल्या. जाऊबाई म्हणाल्या, "हसतीया म्हंजी शिकंल."

जाताना बाईंनी वहीत काहीतरी टिपून घेतलं, फोटो काढले, आम्हा दोघींचे हात हातात घेतले आणि गेल्या. आम्हीही विसरून गेलो.

पुढं उन्हाळा सरता सरता कारखानदारांचा फोन आला, काकू, जरा घरी या. मी गेले तर ते संगणकापुढं बसून डोळे पुसत होते. मला वाटलं, काय झालं आता. तर ते हसून हसून रडत होते. जर्मन बाईंनी आमंत्रणाचं पत्र पाठवलं होतं. तिकडे हिवाळ्यात खाद्यपदार्थांचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथं त्यांच्या स्टॉलवर पाच दिवस आम्ही भाकरी करून दाखवायची, आणि लोकांना आवडली तर दुकानांसाठी माल घेण्याचं बोलणं करायचं. येण्याजाण्याचा खर्च त्यांचा. इथपर्यंत सगळं छान. पण पत्र कुणाच्या नावानं होतं? मिसेस काकू आणि मिसेस जाऊबाई.

बाईंचं काही चुकलं नव्हतं. गिऱ्हाईकं मला काकू म्हणतात आणि मी त्यांना जाऊबाई म्हणते. त्यांनी कानावर पडलं ते लिहिलं. कारखानदारांनी उलट पत्र पाठवून आमची कागदावरची नावं कळवली. नवं पत्र आलं. जाऊबाईंना ते वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "आदीचंच बरं हुतं. ह्या नावानं मला कोण वळकतंय?"

मला जायचं होतं. खरं सांगते, पत्र ऐकल्यापासून मला रात्री नीट झोप नव्हती. मी मोडनिंबची. शाळेत भूगोलाला मला पैकीच्या पैकी मिळायचे, पण प्रत्यक्षात हायवेवरून जाणाऱ्या गाड्या बघण्यापलीकडे माझा प्रवास नव्हता. आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त आहेत. त्यांनी आयुष्यभर लोकांना फिरवलं, मी घरी राहिले. ते म्हणाले, "तू जाच. पिठाचं, गिरणीचं मी बघतो." जाऊबाई मात्र तयार नव्हत्या. त्यांचं एकच पालुपद, शेळ्या कोण बघणार. शेवटी मी म्हणाले, तुम्ही नसाल तर थापणार कोण, माझी भाकरी कडेला फाटते हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हा कुठं "बगू" म्हणाल्या. त्यांच्या तोंडी "बगू" म्हणजे निम्मा होकार असतो.

पावसाळ्यात पासपोर्ट झाले. मग व्हिसाचं काम. कारखानदारांनी स्टेशनजवळच्या एका एजंटाकडे पाठवलं. माणूस पन्नाशीचा, चष्मा कायम कपाळावर, आणि बोलणं हळू, डॉक्टरसारखं. त्यानं कागदांची नावं सांगायला सुरुवात केली तेव्हा मला वाटलं, लग्नाच्या याद्या बऱ्या. आमंत्रणपत्र, धंद्याचा परवाना, बँकेचे उतारे, आयकराचे कागद, विमा, विमानाचं बुकिंग, राहण्याची सोय. शेवटी म्हणाला, "आणि तुम्ही परत येणार याचा पुरावा."

जाऊबाईंनी विचारलं, "म्हंजी?"

"म्हणजे मावशी, त्यांना वाटतं, माणूस एकदा गेला की तिकडंच राहील. तर इथं तुमचं काय आहे, कशासाठी परत याल, ते दाखवायचं."

जाऊबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की जणू त्यानं त्यांना दिवसा चंद्र दाखवायला सांगितला होता. "परत येणार न्हाय तर कुटं जाणार? हितं शेळ्या हायत की."

एजंट हसला नाही. विचार करून म्हणाला, "शेळ्यांचा फोटो आणा."

खरंच आणला. जाऊबाई मधे उभ्या, दोन्ही बाजूंना शेळ्या, मागं शेड. तो फोटो त्यांच्या अर्जाला लागला. माझ्या अर्जाला घराचा उतारा, धंद्याचा परवाना, नवऱ्याच्या पेन्शनचा कागद आणि माझ्या बारावीपर्यंतच्या सगळ्या गुणपत्रिका. त्या गुणपत्रिका कुणी मागितल्या नव्हत्या. मीच लावल्या. जितके जास्त कागद तितका माणूस भक्कम दिसतो, असं मला वाटायचं.

एजंटाला काळजी होती ती जाऊबाईंची. मला बाजूला घेऊन म्हणाला, "काकू, तुमचं होईल. शिकलेल्या आहात, नवरा इथं आहे, खातं चांगलं आहे. मावशींचं मात्र अवघड दिसतंय. एकट्या, शाळा नाही, इंग्रजी नाही. मन घट्ट ठेवा." मी ते जाऊबाईंना सांगितलं नाही. पण मनात तयारी सुरू केली की त्यांना नाही मिळाला तर कसं समजवायचं.

फोटोचंही एक नाटक झालं. व्हिसाच्या फोटोत चेहरा मोठा हवा, हसायचं नाही, मागं पांढरं हवं. फोटोवाला म्हणाला, पदर थोडा मागं घ्या, कपाळ दिसायला पाहिजे. जाऊबाईंनी परक्या पुरुषासमोर डोक्यावरचा पदर कधी काढलेला नव्हता. त्यांनी त्याला सांगितलं, तू तिकडं तोंड कर आणि बटण दाब. तो बिचारा म्हणाला, मावशी, न बघता कसं काढू. शेवटी फोटोवाल्याची बायको आतून आली, तिनं कॅमेरा धरला आणि तो दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला. फोटो हातात आल्यावर जाऊबाईंनी बराच वेळ न्याहाळला. म्हणाल्या, "ह्यो तर माजा बा हाय."

बोटांचे ठसे द्यायला पुण्याला जायचं होतं. भल्या सकाळी गाडी काढली. मोडनिंब आलं तेव्हा मी खिडकीतून माहेरच्या वाटेकडे बघितलं, आणि टेंभुर्णीला चहाला थांबलो तेव्हा आमच्या ह्यांना त्यांचे जुने कंडक्टर भेटले. त्यांनी विचारलं, कुठं निघालात. हे म्हणाले, "बायकोला आणि वहिनींना जर्मनीला सोडायला." मग दोघंही कितीतरी वेळ हसत राहिले. मला राग आला नाही. त्यांचा आवाज अभिमानाचा होता.

व्हिसा केंद्रात सगळं काचेचं आणि गार. बाहेर बॅगा ठेवायच्या, आत फक्त कागद. रांगेत सगळे कंपन्यांचे लोक, गळ्यात पट्टे, कानात यंत्रं. जाऊबाई नऊवारीत, डोक्यावर पदर, फाइल छातीशी धरून. खिडकीतल्या मुलीनं आधी इंग्रजीत विचारलं, मग जाऊबाईंचा चेहरा बघून मराठीत आली.

"कशासाठी चाललात, आजी?"

मी घरी शिकवलं होतं की "बिझनेस" म्हणायचं. जाऊबाई म्हणाल्या, "भाकरी थापाय."

ती मुलगी कागद बघत थांबली. "नुसती भाकरी?"

"नुसती नव्हं. कडक."

ती हसली आणि शिक्का मारला. पण पुढं ठशाच्या यंत्रापाशी गाडी अडली. माझी बोटं पहिल्या झटक्यात उमटली. जाऊबाईंची उमटेनात. वर्षानुवर्षं पीठ आणि काटवट, बोटांवरच्या रेषाच झिजून गेल्या होत्या. मुलीनं कापडानं पुसून बघितलं, ओल्या कापडानं पुसून बघितलं. पडद्यावर नुसते पांढरे ठिपके. मागं रांग वाढत होती आणि जाऊबाईंचा चेहरा उतरायला लागला. इतका वेळ त्यांना जायचंच नव्हतं, पण आता आपल्या हातामुळं काम अडतंय हे त्यांना सोसेना.

"माजा हातच न्हाय का ह्यात?" त्यांनी हळूच विचारलं.

ती मुलगी उठून काचेच्या दारातून बाहेर आली. त्यांच्या शेजारी उभी राहिली, त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन एकेक बोट चोळत राहिली, थंडीत लेकराचे हात चोळतात तसं. मग एकेक बोट स्वतः धरून काचेवर दाबलं. अंगठे आले. मग उजव्या हाताची बोटं आली. डाव्या हाताची दोन बोटं काही केल्या आली नाहीत. तिनं अर्जावर तशी नोंद केली आणि म्हणाली, "चालेल आजी. झालं." जाऊबाईंनी तिच्या गालावरून बोटं फिरवून कानशिलाशी कडाकडा मोडली. मागच्या रांगेतला, गळ्यात पट्टा घातलेला एक तरुण गालात हसला.

मग वाट बघणं. दारात कुरिअरवाला थांबला की मी हातातलं टाकून धावायची आणि तो बहुधा शेजाऱ्यांचं पार्सल घेऊन आलेला असायचा. शेवटी आला एकदाचा, दोन पाकिटं घेऊन. आधी जाऊबाईंचं फोडलं, कारण मन घट्ट करून ठेवलेलं त्यांच्यासाठी होतं. पासपोर्ट उघडला तर एका पानावर रंगीत कागद चिकटवलेला, त्यावर त्यांच्या वडिलांसारखा दिसणारा तो फोटो. व्हिसा मिळाला होता.

माझ्या पासपोर्टात काही नव्हतं. सोबत एक छापील पत्र होतं आणि त्यात एका चौकटीत फुली. आमच्या ह्यांनी ती ओळ दोनदा वाचली. अर्ज नाकारला होता. दिलेली माहिती विश्वासार्ह वाटत नाही, असं कारण.

मी खाली बसले. जाऊबाईंनी दोन्ही पासपोर्ट उचलले, एकदा हा बघितला, एकदा तो. मग आमच्या ह्यांना म्हणाल्या, "त्या पोरीला सांगा, ह्यो शिक्का हितला काडून हिच्यात मार. मला नगं."

एजंटानं सगळी फाइल परत चाळली तेव्हा घोटाळा कळला. माझं माहेरचं नाव एका फुलाचं. लग्नात ह्यांनी तांदळात अंगठीनं लिहिलं ते एका नदीचं. पासपोर्ट, आधार, परवाना सगळं नदीच्या नावानं, आणि मी हौसेनं लावलेल्या गुणपत्रिका फुलाच्या नावानं. बँकेचं एक जुनं खातं तर फुलाचं नाव आणि सासरचं आडनाव अशा जोडीचं. कागद वाचणाऱ्याला तीन बाया दिसल्या असतील. जाऊबाईंचंही नाव लग्नात बदललं होतं, पण जुन्या नावाचा एकही कागद त्यांच्याकडे नव्हता. त्या शाळेतच गेल्या नव्हत्या.

प्रदर्शन तोंडावर होतं, माझ्या दुसऱ्या अर्जाला वेळ नव्हता. त्या दिवशी मी जाऊबाईंशी फारसं बोलले नाही. त्यांच्यावर राग नव्हता, पण डोळे वर करून बघवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच चुलीपाशी विषय काढला. "मी न्हाय जायाची. तुजी हौस, तुजी धडपड, आन मी इमानात बसू?"

मी तोपर्यंत जरा सावरले होते. मी म्हणाले, "जाऊबाई, तुम्ही नाही गेलात तर कुणीच नाही गेलं. मग ती बाई पुन्हा कशाला बोलावेल? तुम्ही गेलात तर माझी पुढची वाट राहते."

"आन भाजायचं कुणी?"

"ती बाईच भाजेल. तुम्हीच म्हणालात, हसतीया म्हणजे शिकेल."

कारखानदार आणि त्यांची बायको टॉवेलच्या कामासाठी तिकडे जाणारच होते. त्यांच्या सोबतीनं जाऊबाई गेल्या. नऊवारीवर माझा स्वेटर, पायात ह्यांचे लोकरीचे मोजे आणि सामानात मंगळवेढ्याच्या ज्वारीचं पीठ. मुंबईच्या विमानतळावर आत जाताना त्यांनी मागं वळून मला शेवटची सूचना दिली ती शेळ्यांची. काळीला आधी पाणी, मग बाकीच्यांना.

शेळ्यांनी मला सळो की पळो करून सोडलं. काळीनं पाणी प्यायलं नाही, तर बाकीच्यांनी माझ्या साडीचा पदर चघळला. आणि संध्याकाळी फोनवर जाऊबाई दिसल्या. मोठं उजळलेलं सभागृह, विजेची शेगडी, त्यावर मोठा तवा. जाऊबाई टेबलामागं उभ्या राहून थापत होत्या, जर्मन बाई घामाघूम होऊन भाजत होत्या आणि समोर लोक दाटीनं उभे. थापण्याचा आवाज इतका लयीत चालला होता की समोरची एक म्हातारी मान डोलवत होती.

"कसं आहे तिकडं?" मी विचारलं.

"हितं समदे लई गप असत्यात," जाऊबाई हळू आवाजात म्हणाल्या. "भाकरी मोडली की तेवडाच आवाज. आन ह्या बाईला सांग, जाळ कमी कर. माजं ऐकंना."

मी फोनवरून माझ्या मोडक्या इंग्रजीत बाईंना सांगितलं, लो, लो. त्यांनी शेगडी कमी केली. अशी मी सोलापुरात शेळ्यांच्या गोठ्यात उभी राहून जर्मनीतली भाकरी भाजली.

जाऊबाई परत आल्या त्या दोन दुकानांची मागणी घेऊन. त्यांनी येताना माझ्यासाठी काय आणलं, तर तिथल्या बेकरीतला एक गोल पाव, रुमालात बांधून. दगडासारखा झाला होता. आम्ही तो चहात बुडवून खाल्ला.

पुढच्या हिवाळ्यातल्या प्रदर्शनाचं बोलावणं आलं तेव्हा मी दुसरा अर्ज केला तो नीट विचार करून. लग्नाचा दाखला, नाव बदलल्याचं प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली नोंद. गुणपत्रिका घरीच ठेवल्या. अर्जासोबतचं पत्र एजंट लिहून देत होता, पण ते मी स्वतः लिहिलं, आणि पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकलं की आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलण्याची पद्धत आहे, ही दोन्ही नावं माझीच. मुंबईच्या जर्मन वकिलातीतून एका बाईंचा फोन आला. मराठीच होत्या.

"धंदा तुमचा आणि जाऊबाईंचा, मग तुम्ही गेल्यावर इथं कोण बघणार?"

"जाऊबाई बघतील," मी म्हणाले. "त्या जाऊन परत आल्यात."

"हो, दिसतंय इथं," त्या म्हणाल्या, आणि पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "शेळ्या आहेत वाटतं त्यांच्या."

व्हिसा आला. जाऊबाईंनी या खेपेला अर्जच केला नव्हता. गुडघ्यांचं कारण सांगितलं, पण मला ठाऊक आहे, त्यांना मला एकटीला पाठवायचं होतं. मी पहिल्यांदा विमानात बसले तेव्हा खिडकीची जागा मिळाली आणि मी जेवणसुद्धा बाजूला ठेवून खाली बघत राहिले. ढगांखाली अधूनमधून पाणी दिसायचं, कुठला समुद्र ते मी भूगोलाच्या पुस्तकातून आठवत बसले.

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी माझी पहिली भाकरी कडेला फाटली. दुसरीही फाटली. तिथलं पाणी वेगळं, हवा कोरडी, पीठ हाताला धरेना. लोक सभ्यपणे उभे होते आणि माझ्या कपाळाला घाम. जर्मन बाईंनी न विचारता माझा फोन जाऊबाईंना लावला आणि परातीसमोर धरला. जाऊबाईंनी पडद्यातून पीठ बघितलं.

"पाणी उकळतं घाल. गार हवंत पीठ लवकर मरतंय. आन घाबरू नगंस, भाकरीला कळतंय."

मी उकळतं पाणी घातलं, मळलं, थापलं. पाचवी भाकरी गोल आली. सहावी त्याहून बरी. जर्मन बाईंनी ती भाजली, शेकली आणि वाळल्यावर समोरच्या एका उंच माणसाच्या हातात तुकडा दिला. त्यानं तो मोडला, खाल्ला आणि अजून एक मागितला. मग मी डोकं खाली घालून थापत राहिले. दिवस संपेपर्यंत पिठाची एक पिशवी रिकामी झाली होती आणि माझे दंड भरून आले होते.